मोफत तपासणी

आधीच सांगून ठेवते, मला 'झालं गेलं विसरून जा' शिकवायला येऊ नका. विसरायचं असतं तर ज्या दिवशी काकाने कात्री टेबलावर ठेवली त्याच दिवशी विसरले असते. मी विसरले नाही. ज्याच्यामुळे ती ठेवली, त्या माणसाच्या ऑफिसात मी नोकरी धरली, त्याची विद्या त्याच्याकडूनच शिकले आणि ती त्याच्यावरच चालवली. आता पहिल्यापासून सांगते. कोण चूक, कोण बरोबर, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आमचं शिवणकामाचं दुकान. बाबा आणि काका, सख्खे भाऊ. बाबा बाहेर बसायचे, मापं घ्यायचे, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे. काका आतल्या टेबलावर कापायचा. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून काजं करायचे, लग्नाआधीही आणि नंतरही, कारण सासर दोन गल्ल्या पलीकडे. बाबांना मी अहोजाहो करते आणि काकाला अरेतुरे. का ते विचारू नका, लहानपणी तोंडात बसलं ते बसलं. काकाच्या कात्रीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. आणि त्याचा एक हट्ट होता. कापड कितीही भारी असो, गिऱ्हाईक कितीही घाईत असो, कापायच्या आधी ते पाण्यात भिजणार, वाळणार आणि मगच टेबलावर येणार. "कापड एकदा आटायचंच असतं," तो म्हणायचा, "माझ्याकडे आटू दे, गिऱ्हाइकाच्या अंगावर नको." म्हणून आमचे कपडे पहिल्या धुण्यात आखूड व्हायचे नाहीत, आणि म्हणून गिऱ्हाईक आम्हाला सोडून जायचं नाही.

मग एक दिवस डॉक्टर आला.

डॉक्टर म्हणजे औषधं देणारा नव्हे, सॉफ्टवेअर विकणारा. 'मी तुमच्या धंद्याची तब्येत तपासतो, अगदी मोफत,' असं सांगत तो दुकानं फिरायचा. म्हणून बाजाराने त्याला डॉक्टर नाव ठेवलं, आणि ते त्याला भलतंच आवडलं. कडक इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत हनुवटी, बोलणं साखरेत घोळलेलं.

"काय अडचणी आहेत धंद्यात?" त्याने बाबांना विचारलं.

"काही नाही हो. सगळं छान चाललंय."

मी त्याच्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते. 'छान चाललंय' ऐकल्यावर त्याचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, किती भला माणूस, दुसऱ्याचं चांगलं ऐकून खूश होतो. भला माणूस, डोंबल!

त्याने लॅपटॉप उघडला. बाबांना विचारून विचारून कापड किती येतं, कपडे किती शिवून जातात, एका कपड्याला किती लागतं, सगळं भरलं. पडद्यावर दोन रेघा आल्या, आणि त्या दोन्हींच्या मधली जागा लाल झाली. त्या लाल जागेवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: गळती.

"एवढं कापड दुकानात येतं," डॉक्टर म्हणाला, "आणि एवढं बाहेर जातं. मधलं कुठे जातं, मालक?"

"कातरण निघतं ना. आणि भाऊ माझा भिजवून कापतो. कापड आटतं."

"बरोबर. तेच असणार." डॉक्टरने मान हलवली. मग अगदी हळू विचारलं, "खात्री आहे ना?"

आणि माझ्या हातचं पाणी घोट घोट प्यायला लागला. एक शब्द बोलला नाही. बाबा पडद्याकडे बघत राहिले. मागच्या अंगणात काका कापड पिळत होता, बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. हो, त्याच वेळी. ज्या पाण्यात ते कापड आटत होतं, त्याच पाण्याचा आवाज ऐकत बाबांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी ते सॉफ्टवेअर विकत घेतलं, दुकानात कॉम्प्युटर आला.

तुम्ही म्हणाल, तुझा बाप शिंपी, कापड आटतं हे त्याला कळत नव्हतं का? कळत होतं हो! आयुष्य गेलं त्यात. पण रोज संध्याकाळी तो लाल पट्टा डोळ्यांपुढे यायला लागला ना, की कळतं ते वळत नाही. आधी बाबा कातरणाची पिशवी उचलून अंदाज घ्यायला लागले. मग काका घरी निघाला की त्याच्या पिशवीकडे बघायला लागले. आणि मग एका सकाळी काकाच्या घरावरून जाताना त्यांना खिडकीत नवे पडदे दिसले. काकूने बाजारातून हौसेने कापड आणून स्वतः शिवलेले पडदे.

दुकानात येऊन, मशीनवरच्या कारागिरांसमोर, बाबांनी विचारलं, "पडदे छान आहेत. कापड कुठलं?"

काका कापत होता. त्याची कात्री अर्ध्यात थांबली. अर्ध्या कापात काकाची कात्री थांबलेली मी कधी पाहिली नव्हती. त्याने ती टेबलावर ठेवली, पिशवी आणली आणि बाबांसमोर उलटी केली. डबा, खडू, चष्म्याचं घर. बास.

"दादा, घरी पण ये झडतीला," तो म्हणाला. "पडदे मी उतरवून ठेवतो."

आणि गेला. कात्री तिथेच राहिली.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. नवीन कापणारा आणला, तरी पट्टा तेवढाच लाल. तोही गेला, आणखी एक आणला, पट्टा हलेना. बाबांना कळून चुकलं. एक दिवस त्यांनी तो कॉम्प्युटर बंद केला आणि वर चादर टाकली. पण बैल गेला आणि झोपा केला. मी म्हटलं, "बाबा, जा ना काकाकडे." तर म्हणाले, "कुठल्या तोंडाने जाऊ?" काकाची कात्री त्यांनी तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवली होती. अधूनमधून काढायचे, पुसायचे, परत ठेवायचे. दिवसचे दिवस कोणाशी बोलायचे नाहीत. गिऱ्हाइकाचं माप घेतानासुद्धा फक्त आकडे.

मी काकाकडे गेले. तो एका तयार कपड्यांच्या दुकानात जिन्याखाली बसून पँटी आखूड करून द्यायचा. ज्या माणसाच्या हाताखाली कोट उभे राहिले, तो लोकांच्या पँटींचे पाय दुमडत बसला होता. मला बघवेना.

"काका, ये ना परत. बाबा खंगलेत."

"त्याला जीभ नाही?"

"लाज वाटते त्यांना."

काकाने दाताने दोरा तोडला. "हे बी ज्याने पेरलं, त्याच्या घरात एकदा उगवू दे. मग बघू."

रागात बोलला होता. मी मात्र ते शब्द उचलले आणि पदराला गाठ मारली. ठीक आहे काका, म्हटलं. उगवून दाखवते. मग तर येशील?

डॉक्टरच्या ऑफिसात माणसं हवी होती, फोनवर गिऱ्हाइकांना सॉफ्टवेअर समजावून सांगायला. मी गेले. मुलाखत त्यानेच घेतली. समोर बसून नीट बघितलं माझ्याकडे, आणि ओळखलं नाही. पाणी आणून देणाऱ्या बाईचं तोंड कोण बघतो! मी म्हटलं, उत्तम.

दोन खोल्यांचं ऑफिस, खाली पत्र्याच्या पेट्यांचं दुकान, दिवसभर ठोकाठोक. नव्या माणसांना डॉक्टर स्वतः शिकवायचा. फळ्यासमोर उभा राहून, बाह्या दुमडून.

"ज्याचं दुखतंय त्याला औषध कोणीही विकेल," तो म्हणायचा. "त्यात काय मोठेपणा? आपलं गिऱ्हाईक वेगळं. ज्याला दुखतंय हेच माहीत नाही, ते आपलं. तो म्हणाला 'सगळं छान चाललंय', की समजा दार उघडलं. आधी लाल दाखवा. मग विचारा, खात्री आहे ना? आणि मग पाणी प्या. ग्लास संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. तेवढ्या वेळात तो स्वतःच स्वतःला पोखरतो."

सगळे हसले. मीही हसले. आमच्या घरात याला खाजवून खरूज काढणं म्हणतात. त्याच्या फळ्यावर त्याला गिऱ्हाइकाची जाणीव वाढवणं असं नाव होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि मी वहीत लिहून घेत होते.

हे सॉफ्टवेअर डॉक्टर लिहायचा नाही बरं का. त्याला लिहिता येतच नव्हतं. लिहायचा त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. दोघांनी मिळून धंदा उभा केलेला. मेहुणा आतल्या खोलीत खिडकीशी बसायचा, तासन्‌तास बाहेर बघायचा, मग एकदम चार ओळी लिहायचा आणि परत बाहेर बघायचा. बाजारात काय विकलं जातंय, कसं विकलं जातंय, त्याला पत्ता नव्हता. त्याला वाटायचं लोकांना उपयोग होतो. एकदा मला म्हणालासुद्धा, "ताई, तुम्ही फोनवर बोलता ना, लोक खूश असतात का हो?" मी म्हटलं, "फार."

एका सकाळी मी येऊन खुर्चीवर बसले, तर काहीतरी वेगळं वाटलं. काय ते कळेना. खाली वाकून बघितलं, तर खुर्चीच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. माझी खुर्ची डुगडुगत होती हे मला पुठ्ठा लागल्यावर कळलं. आतून मेहुण्याने मान वर केली.

"तुम्ही सारख्या एका बाजूला कलून बसायचात," तो म्हणाला. "पाठ धरली असती."

मी आभार मानले. आणि मनाला बजावलं, बाई गं, विरघळू नकोस. तू कशाला आलीस ते लक्षात ठेव.

कारण तोवर मला सापडलं होतं कुठे पेरायचं ते. दुकानांचा बाजार संपत आला होता. डॉक्टरला आता ऑफिसं हवी होती. त्यासाठी नवं सॉफ्टवेअर तयार झालं: कोण किती वेळ जागेवर बसतो, किती टाइप करतो, हे मोजायचं आणि कमी भरला तो लाल. 'तुमची माणसं काम करतात असं तुम्हाला वाटतं', ही जाहिरात डॉक्टरनेच केलेली. लिहिलं अर्थातच मेहुण्याने, खिडकीबाहेर बघत बघत.

मी डॉक्टरकडे गेले. "सर, आधी आपल्याच ऑफिसात लावून बघू या का? गिऱ्हाइकाला दाखवायला खरे आकडे मिळतील."

"ताई, तुम्ही भलत्याच हुशार निघालात," तो म्हणाला.

लावलं. थोड्या दिवसांनी आकडे आले. मी ते त्याच्या टेबलावर पडद्यावर उघडून दिले. आम्ही फोनवाल्या बायका हिरव्या, हिशेबनीस हिरवा, झाडूवाली मोजलीच नव्हती. आणि मेहुणा लालभडक, वरपासून खालपर्यंत.

डॉक्टर खो खो हसला. "हा काय टाइप करणार! हा विचार करतो. त्याच्या चार ओळींवर आपलं सगळ्यांचं पोट चालतं."

"हो ना, तेच असणार," मी म्हणाले. "खात्री आहे ना, सर?"

टेबलावर पाण्याचा ग्लास होता. मी उचलला आणि प्यायला लागले. हळू. घोट घोट.

त्याने ही युक्ती फळ्यावर लिहून शिकवली होती. निदान त्याने तरी ओळखायला हवी होती. मला वाटलं, आता हसेल, म्हणेल, ताई, माझंच औषध मलाच? पण नाही. त्याचं हसू आधी ओठांवरून गेलं, मग डोळ्यांतून. तो पडद्याकडे बघत राहिला, बाबा बघत राहिले होते तसाच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते असं. आयुष्यभर लोकांच्या मनात संशय घालत फिरलेला माणूस. त्याच्या घरात त्याचा साठा नसेल तर कोणाच्या असेल?

मी ग्लास खाली ठेवला आणि बाहेर आले. आनंद पोटात मावत नव्हता.

एक लक्षात घ्या, मी एकही खोटा शब्द बोलले नाही. मेहुणा फोन घेऊन जिन्यात जायचा, कारण खालच्या ठोकाठोकीत त्याला ऐकू यायचं नाही. डॉक्टरने विचारलं, "हा जिन्यात कोणाशी बोलतो?" मी म्हटलं, "मला काय माहीत, सर." मेहुणा दुपारी लवकर जायचा आणि घरून काम करायचा. डॉक्टरने विचारलं, "घरी खरंच काम करत असेल?" मी म्हटलं, "करतच असतील." झालं. एवढंच पाणी घातलं. बाकी त्याचं तोच उगवलं.

आणि एका दुपारी आतल्या खोलीतून आवाज आला, "कोणासाठी काम करतोस? मागच्या दाराने कोणाला विकतोयस?"

मेहुण्याला आधी थट्टाच वाटली. तो हसला. "भाऊजी, काय बोलताय?"

"लॅपटॉप दाखव."

मी दाराशीच बसायचे, मला सगळं दिसत होतं. मेहुण्याने लॅपटॉप फिरवून भाऊजींच्या तोंडासमोर ठेवला. खिशातला फोन काढून त्याच्यावर ठेवला. "बघा," म्हणाला. "सगळं बघा. पासवर्ड ताईच्या नावाचा आहे." ताई म्हणजे त्याची बहीण, डॉक्टरची बायको.

काकाची पिशवी टेबलावर उलटी झाली होती ती मला आठवली. डबा, खडू, चष्म्याचं घर. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. सुक्याबरोबर ओलंही जळतं, मी स्वतःला म्हटलं, त्याला कोण काय करणार.

मेहुणा ऑफिसची किल्ली ठेवून निघाला. माझ्या टेबलाशी आल्यावर थांबला. मला वाटलं, ह्याला कळलं, आता हा बोलणार.

"ताई, तो पुठ्ठा दाबला गेला असेल आता," तो म्हणाला. "नवीन घालून घ्या."

आणि जिना उतरून गेला.

पुढे जे व्हायचं तेच झालं. सॉफ्टवेअर कुठे ना कुठे अडायचं, आणि ते सोडवणारा खिडकीजवळून उठून गेलेला. दुकानदारांचे फोन यायचे. मी गोड आवाजात सांगायचे, "तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे." काय सुख होतं त्या वाक्यात! डॉक्टरने दोन नवी माणसं आणली, त्यांना मेहुण्याचं लिखाण वाचताच येईना. गिऱ्हाइकं गळायला लागली. याला म्हणतात गळती. डॉक्टरची बायको भावाकडे राहायला गेली ती आलीच नाही. दाढी वाढली, शर्टाची इस्त्री गेली. एक दिवस ऑफिसात तो आणि मी दोघंच उरलो. फळा तसाच होता, वर अजून लिहिलेलं: 'सगळं छान चाललंय म्हणजे दार उघडलं.'

मी पर्स उचलली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. हा क्षण मी किती वेळा मनात घोळवला होता म्हणून सांगू!

"सर, तुमचा मेहुणा एकदम स्वच्छ माणूस होता."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "आता माहीत आहे."

"त्या दिवशी मी पाणी का प्यायले, माहीत आहे?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"शिंप्याचं दुकान. दोन भाऊ. तुम्ही मोफत तपासणी केलीत. धाकट्याने कात्री ठेवली ती परत उचलली नाही. मी त्या दुकानातली मुलगी. तुम्ही माझ्या हातचं पाणी प्यायलात."

त्याने कपाळ चोळलं. खरंच आठवायचा प्रयत्न करत होता बिचारा. मग म्हणाला, "कुठलं दुकान?"

देवा शप्पथ सांगते, माझ्या तोंडात कोणी मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. आमचं घर मोडलं, आणि ह्याच्या लक्षातही नाही! किती दुकानांतून असा फिरला असेल, कुठलं कुठलं लक्षात ठेवणार? मी फळ्याजवळ गेले आणि जे लिहिलं होतं ते हाताने पुसून टाकलं. का ते मला सांगता येणार नाही. आणि निघाले.

जिना उतरेपर्यंत मात्र माझं मन पुन्हा हवेत तरंगायला लागलं होतं. नसेल आठवत तर नसो. उगवलं की नाही त्याच्या घरात? काकाने सांगितलं तेच झालं की नाही? आता काका येणार, बाबांच्या तोंडून शब्द फुटणार. मी जवळजवळ धावतच काकाच्या जिन्याखाली पोचले.

काका एका पँटीचा पाय उसवत होता. मी स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून. लाल रंग, पाण्याचा ग्लास, जिन्यातले फोन, लॅपटॉप, सगळं. काका उसवत राहिला, दोरे ओढून मांडीवर जमा करत राहिला. माझं संपलं तेव्हा मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवेल.

"तो मेहुणा," काका म्हणाला. "त्याने खाल्लं होतं काही?"

"नाही रे. तो कसला खातोय. गरीब गाय."

"तुला माहीत होतं?"

"हो, म्हणजे... काका, सुक्याबरोबर ओलंही..."

"जळत नाही ते. तू जाळलंस. ओलं होतं हे बघून, हाताने चाचपून जाळलंस." त्याने पँट खाली ठेवली. "तुझा बाप गाढव आहे. पण त्याला संशय आला होता. संशय आला की माणूस चुकतो. तुला तर संशयसुद्धा नव्हता."

मग रागच आला. "तूच म्हणाला होतास! ज्याने पेरलं त्याच्या घरात उगवू दे, तूच म्हणालास! मी कोणासाठी केलं हे सगळं?"

"मी म्हणालो," काका म्हणाला. "जिन्याखाली बसलेला माणूस बडबडतो. तू काय ते माप समजून कापायला घेतलंस?"

तो उठला. अंगावरचे दोरे झटकले, चष्मा त्याच्या घरात घातला, पिशवी खांद्याला लावली.

"कुठे निघालास?"

"दुकानात."

माझे डोळे भरून आले. "येतोस? खरंच?"

"तुझ्या बापाला सांगायला," काका म्हणाला, "की घरात त्याच्यापेक्षा वाईट माणूस निघालं. इतके दिवस एकटाच पहिला नंबर धरून बसलाय बिचारा. जरा हलकं वाटेल त्याला."

आम्ही रस्त्याने चालत गेलो. तो पुढे, मी मागे. एकदाही वळून बघितलं नाही त्याने.

बाबा टेबलाशी होते. काकाला दारात बघून ते उभे राहिले, हातातला टेप खाली पडला. तोंड उघडलं, पण शब्द निघेना. काकाने तो निघूच दिला नाही. "दादा, बस. आधी हिचं ऐक," म्हणाला आणि सगळं सांगितलं. माझ्यासमोर. एक शब्द वाढवला नाही, एक कमी केला नाही. बाबा ऐकत होते आणि माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, निदान ते तरी म्हणतील, पोरीने आपल्यासाठी केलं. ते म्हणाले, "आणि तो मुलगा आता काय करतो?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"माहीत करून घे," काका म्हणाला. "आपण तिघं त्याच्या घरी जायचं. बोलायचं तू."

मग बाबांनी कपाटातून फडक्याची गुंडाळी काढून टेबलावर ठेवली. काकाने सोडली, कात्री हातात घेतली, रिकामीच दोनदा चालवून बघितली. तिला तेलाचा वास येत होता. बाबा टेबलाच्या ह्या बाजूने त्या बाजूला झाले, पहिल्यासारखी जागा करून.

"कापड भिजवलंय का?" काकाने विचारलं.

"बादलीत आहे," बाबा म्हणाले. किती तरी दिवसांनी त्यांचा आवाज सरळ निघाला. "रोज भिजवतो."

दोघं मागच्या अंगणात गेले. कापड पिळल्याचा, पाणी पडल्याचा आवाज यायला लागला. मला हवं होतं ते सगळं झालं होतं. डॉक्टर धुळीला मिळाला होता, काका घरी आला होता, बाबा बोलले होते. डॉक्टरचं मला आजही काही वाटत नाही, पुन्हा भेटला तर पुन्हा पाणी पिईन. मी माझ्या कोपऱ्यात गेले आणि स्टुलावर बसले. मला कोणी बस म्हटलं नव्हतं.

स्टूल डुगडुगत होतं. लग्नाआधीपासून मी त्यावर बसून काजं करत आले, तेव्हापासून ते डुगडुगतच असणार. आता मात्र त्यावर बसवेना. मी उठले आणि पुठ्ठा शोधायला लागले.